प्रवचनपीठ ते विधिमंडळ : टॉमी डग्लस यांची वाटचाल

आमच्या धर्मग्राम कार्यालयात आठवड्यातून एखादी तरी चिठ्ठी लिहावी लागते. ‘पत्रवाहक आमच्या धर्मग्रामातील असून घरची परिस्थिती गरिबीची आहे, तरी औषधोपचारासाठी आपण यथाशक्ती साहाय्य करावे,’ असा तिचा ठरावीक मजकूर असतो. ती घेऊन कोणी एखाद्या ट्रस्टच्या दारी जातो, कोणी एखाद्या दानशूर गृहस्थाच्या. कधी काम होते, कधी होत नाही. ज्याचे होते तो येऊन आभार मानतो; ज्याचे होत नाही तो पुन्हा येतच नाही. या चिठ्ठ्यांवर सही करताना एक प्रश्न आमच्या मनात वर्षानुवर्षे घोळत आला आहे. आजारी माणसाला उपचार मिळावेत की नाही, हे धर्मगुरूच्या ओळखीपाळखीवर का अवलंबून असावे?

हाच प्रश्न आपल्या तरुणपणी मनाशी धरून पुढे एका प्रांताचा कारभार हाती घेणाऱ्या एका धर्मोपदेशकाची कथा आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते. बॅप्टिस्ट पंथाचे पाळक होते. त्यांचे कार्यक्षेत्र कॅनडातील सस्कॅचेवान हा प्रांत. विस्ताराने हा प्रांत आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. पण १९६१ साली त्याची लोकसंख्या पुरती दहा लाखही नव्हती. अफाट सपाट मैदाने, गव्हाची शेती, दीर्घ हिवाळा आणि एकमेकांपासून मैलोगणती दूर असलेली घरे, असे तेथील जीवन होते. या प्रांतात जे घडले त्यात कॅथॉलिकांनीही भाग घेतला, कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने. म्हणूनही हा इतिहास आपण जाणून घेण्यासारखा आहे.

थॉमस क्लेमेंट डग्लस यांचा जन्म २० ऑक्टोबर १९०४ रोजी स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथे झाला. वडील लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात कामगार होते. लहानपणी पडून टॉमीचा उजवा गुडघा दुखावला आणि हाडात पू होण्याचा विकार जडला. कुटुंब कॅनडात विनिपेग शहरी येऊन स्थायिक झाले, तरी दुखण्याने पाठ सोडली नाही. धर्मार्थ वॉर्डात पडलेल्या या मुलाचा पाय कापावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. आईवडिलांजवळ नामांकित शल्यचिकित्सकाला द्यायला पैसे नव्हते. योगायोगाने डॉ. स्मिथ नावाच्या एका अस्थितज्ज्ञाचे त्याच्याकडे लक्ष गेले. विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी ही शस्त्रक्रिया त्यांच्यासमोर करू द्याल तर मोबदला घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. पाय वाचला.

डग्लस पुढे आयुष्यभर ही हकिकत सांगत. डॉक्टरांविषयी त्यांना अपार कृतज्ञता होती. परंतु ही कृतज्ञता व्यक्त करून ते थांबत नसत. ते तज्ज्ञ डॉक्टर त्या दिवशी तेथे आले नसते तर काय झाले असते, आणि ज्यांच्या खाटेपाशी असा कोणी थांबलाच नाही त्या मुलांचे काय झाले असेल, असे ते विचारीत.

विनिपेगमध्ये जे. एस. वुड्सवर्थ नावाचे एक मेथडिस्ट धर्मोपदेशक होते. शहराच्या उत्तर भागात देशोदेशीचे निर्वासित आणि गरीब मजूर दाटीवाटीने राहत. त्यांच्यासाठी वुड्सवर्थ एक मिशन चालवीत. तेथे वाचनालय, खेळ, शिकवणी सारे काही होते. डग्लस कुटुंबाचा या मिशनशी संबंध आला. पुढे १९१९ साली विनिपेगमध्ये कामगारांचा मोठा संप झाला. २१ जून रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. चौदा-पंधरा वर्षांच्या टॉमीने तो एका इमारतीच्या छपरावरून पाहिला. तेव्हा तो छापखान्यात उमेदवारी करीत होता. मुष्टियुद्धाचाही त्याला नाद होता आणि १९२२ व १९२३ अशी दोन वर्षे मॅनिटोबा प्रांताचे हलक्या वजनगटातील विजेतेपद त्याने पटकाविले. मग १९२४ साली ब्रँडन कॉलेजात धर्मशिक्षणासाठी नाव घातले, आणि १९३० साली पाळकपदाची दीक्षा घेऊन डग्लस सस्कॅचेवानमधील वेबर्न या लहानशा गावी रुजू झाले.

ते वर्ष मोठे कठीण होते. जगभर मंदी पसरली होती. गव्हाचे भाव इतके कोसळले की पेरणी-कापणीचा खर्चही निघेना. त्यात अवर्षण आले. वाऱ्याने शेतातील माती उडून आकाश काळवंडू लागले. अशा स्थितीत नुसती प्रवचने करून भागणार नाही हे तरुण पाळकाने ओळखले. चर्चच्या तळघरात कपडे आणि अन्नधान्य यांचे वाटप सुरू झाले. बेकारांची संघटना उभी राहिली. १९३१ च्या सप्टेंबरात जवळच्या एस्तेवान येथे कोळसा-खाणीतील मजुरांनी मोर्चा काढला, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन मजूर मरण पावले. डग्लस यांनी संपकऱ्यांना मदत पोहोचविली आणि प्रवचनपीठावरून त्यांची बाजू मांडली. चर्चमधील काही मंडळींना ते रुचले नाही.

याच काळात त्यांना दोन तरुण माणसांच्या अंत्यविधीची प्रार्थना म्हणावी लागली. दोघेही तिशीतले, दोघांच्याही मागे बायको आणि लहान मुले. जवळपास वेळेवर डॉक्टर नव्हता आणि चांगल्या उपचारांसाठी गाठीला पैसा नव्हता, म्हणून ते दगावले होते. अशा अंत्यविधीला उभे राहण्याचा प्रसंग आम्हां धर्मगुरूंवरही येतो. ‘देवाची इच्छा’ असे शब्द ओठांवर येतात आणि ते उच्चारावेत की नाही, असा प्रश्न पडतो.

येथे डग्लस यांच्या चरित्रातील एक काळे पान उलटून पाहणे अवश्य आहे. १९३३ साली त्यांनी मॅकमास्टर विद्यापीठाला एम. ए. चा प्रबंध सादर केला. गावातील काही दरिद्री कुटुंबांचा अभ्यास करून, बुद्धीने मंद आणि ‘असामान्य’ ठरविलेल्या लोकांना वेगळे ठेवावे, त्यांच्या विवाहावर बंधने घालावीत, काहींचे निर्बीजीकरण करावे, अशा सूचना त्यात होत्या. सुप्रजाजननाचे हे खूळ त्या काळी सुशिक्षितांत प्रतिष्ठित मानले जाई. शेजारच्या अल्बर्टा प्रांतात १९२८ साली तसा कायदाही झाला होता आणि तो १९७२ पर्यंत टिकला. परंतु पोप अकराव्या पायस यांनी डिसेंबर १९३० मध्ये ‘कास्ती कोनुबी’ या परिपत्रकाद्वारे अशा निर्बीजीकरणाचा स्पष्ट निषेध केला होता. या प्रश्नावर आपली ख्रिस्तसभा बरोबर होती आणि गरिबांचा कैवारी तरुण पाळक चुकला होता. पुढे आरोग्यखाते हाती आल्यावर डग्लस यांच्यापुढे निर्बीजीकरणाची शिफारस आली. ती त्यांनी नाकारली आणि मनोरुग्णांच्या उपचारांवर भर दिला. आपली जुनी चूक त्यांनी कृतीने सुधारली, पण ती जाहीरपणे कबूल केल्याचे दिसत नाही.

१९३२ साली शेतकरी, कामगार आणि वुड्सवर्थ यांच्यासारखे सुधारक एकत्र आले आणि ‘को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन’ म्हणजे सीसीएफ हा पक्ष स्थापन झाला. डग्लस त्यात सामील झाले. १९३४ ची प्रांतिक निवडणूक ते हरले. पुढच्या वर्षी केंद्रीय संसदेची निवडणूक आली. ती लढवावी की नाही, याचा निर्णय होत नव्हता. तेव्हा त्यांच्याच चर्चच्या एका वरिष्ठाने बजावले की, उभे राहिलात तर यापुढे कोणतेही चर्च मिळणार नाही. या धमकीनेच त्यांचा निश्चय पक्का झाला. १९३५ साली ते निवडून आले आणि प्रवचनपीठ कायमचे सुटले.

आपल्या ख्रिस्तसभेची भूमिका तेव्हा काय होती? १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ पासून कामगारांच्या न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क आपण मानीत आलो. तथापि १९३१ च्या ‘क्वाद्रागेसिमो आन्नो’ या परिपत्रकाने समाजवादाचा निषेधही केला होता. त्याचा आधार घेऊन १९३४ साली माँट्रियलचे आर्चबिशप गोतिये यांनी सीसीएफपासून दूर राहण्याचा इशारा श्रद्धावंतांना दिला. गव्हाच्या शेतात राबणाऱ्या कॅथॉलिक कुटुंबांची त्यामुळे कोंडी झाली. सहकारी सोसायट्यांत बॅप्टिस्ट आणि ल्युथरन शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून ते काम करीत. मग मतदानाच्या दिवशी त्यांना सोडून जावे काय? अखेर ऑक्टोबर १९४३ मध्ये कॅनडाच्या बिशपांनी जाहीर केले की, ख्रिस्ती परंपरांची मूलतत्त्वे मानणाऱ्या कोणत्याही राष्ट्रीय पक्षाला पाठिंबा देण्यास कॅथॉलिक मोकळे आहेत. अपवाद फक्त कम्युनिस्टांचा. नऊ वर्षे लागली, पण दार उघडले.

१५ जून १९४४ च्या प्रांतिक निवडणुकीत सीसीएफने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. डग्लस प्रांताचे प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री झाले. उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी सरकार म्हणून त्याची नोंद होते. आरोग्यखाते त्यांनी मुद्दाम स्वतःकडे ठेवले. काही महिन्यांतच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यक-इतिहासकार हेन्री सिगरिस्ट यांना बोलावून त्यांनी प्रांताच्या आरोग्याची पाहणी करवून घेतली. वाचकांना नवल वाटेल, पण हेच सिगरिस्ट त्याच वर्षी भारतातही आले होते. सर जोसेफ भोर यांच्या समितीने त्यांना सल्ल्यासाठी पाचारण केले होते. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीनेही १९४६ च्या आपल्या अहवालात मांडले. सस्कॅचेवानमध्ये ते तत्त्व कायद्यात उतरले. आपल्याकडे त्या अहवालाचा बराच भाग कागदावरच राहिला.

असे का झाले? देश लहान-मोठा, श्रीमंत-गरीब हा फरक आहेच. पण दुसरेही एक कारण आम्हांला दिसते. सस्कॅचेवानमध्ये कायद्याच्या आधी लोकांची सवय तयार झाली होती. १९१५ च्या सुमारास तेथील खेड्यांनी आपसात कर गोळा करून गावासाठी पगारी डॉक्टर ठेवण्यास सुरुवात केली होती. दोन-चार पालिकांनी मिळून एक रुग्णालय चालवावे, अशीही पद्धत होती. १९२९ पासून क्षयरोगावर मोफत उपचार मिळत. डग्लस यांच्या काळात स्विफ्ट करंट भागात विल्यम बुराक नावाच्या पालिका-चिटणिसाने आसपासच्या पालिकांना पत्रे पाठवून सभा भरविल्या. लोकांनी मतदानाने स्वतःवर कर बसवून घेतला आणि १ जुलै १९४६ पासून त्या साऱ्या टापूत डॉक्टरी सेवा विम्याखाली आली. पुढे प्रांतभर जे झाले त्याचा कित्ता या टापूनेच घालून दिला.

डग्लस घाईने धावले नाहीत. प्रथम प्रांतावरील कर्ज कमी केले. १९४५ च्या आरंभी वृद्ध निवृत्तिवेतनधारक आणि निराधार मातांना मोफत वैद्यकीय सेवा दिली. १ जानेवारी १९४७ पासून सर्व रहिवाशांसाठी रुग्णालय-विमा सुरू झाला. वर्गणी दर माणशी वर्षाला ५ डॉलर, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी जास्तीत जास्त ३० डॉलर. सरकारने रुग्णालये ताब्यात घेतली नाहीत. सस्कॅटून येथील सेंट पॉल रुग्णालय १९०७ पासून ग्रे नन्स या संघाच्या भगिनी चालवीत होत्या. ते आणि त्यासारखी इतर रुग्णालये पूर्वीच्याच व्यवस्थापनाखाली सेवा देत राहिली. फरक इतकाच की, दारात आलेल्या रुग्णाला पैशांविषयी विचारण्याची पाळी भगिनींवर येईना.

१९४७ सालीच प्रांताने नागरी हक्कांचा कायदा संमत केला. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यानंतर वर्षाने आला. खेड्यापाड्यांत वीज पोहोचली. सर्वच प्रयोग साधले असे नाही. सरकारने काढलेला पादत्राणांचा कारखाना आणि लोकरीची गिरणी तोट्यात जाऊन बंद पडली. डग्लस यांनी तो हट्ट सोडून दिला.

डॉक्टरांच्या सेवेचा विमा मात्र अजून बाकी होता. रुग्णालयांचा निम्मा खर्च केंद्र सरकार १९५८ पासून उचलू लागले, तेव्हा हाती पैसा राहिला. १९५९ च्या डिसेंबरात डग्लस यांनी योजना जाहीर केली आणि १९६० ची निवडणूक त्याच प्रश्नावर जिंकली. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. १९६१ साली कायदा विधिमंडळात असतानाच, नव्याने स्थापन झालेल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय नेतृत्व स्वीकारण्यासाठी डग्लस यांनी प्रांत सोडला. कायदा अमलात आणण्याचे कठीण काम वूड्रो लॉइड या शांत स्वभावाच्या शिक्षकाच्या वाट्याला आले. १८ जून १९६२ रोजी केंद्रीय निवडणुकीत डग्लस खुद्द रेजायना शहरात पराभूत झाले. १ जुलैला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. हा संप २३ दिवस चालला.

या संपात आमचा एक धर्मबंधू विरोधकांच्या आघाडीवर होता. फादर ॲथल मरी हे काही सामान्य धर्मगुरू नव्हते. विल्कॉक्स नावाच्या खेड्यात मंदीच्या काळात त्यांनी नोत्र दाम कॉलेज चालविले. फीचे पैसे नसलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांकडून धान्य आणि मांस घेऊन त्यांना शिकविले. गरिबांवर त्यांचे प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? परंतु शासनाच्या हाती इतकी सत्ता जाणे त्यांना धोक्याचे वाटे. जुलै १९६२ मध्ये त्यांनी जळजळीत भाषणे केली. हिंसा आणि रक्तपात होईल असे भाकीतही केले. तसे काही घडले नाही. ११ जुलैला रेजायना येथील विधानभवनासमोरच्या निषेधसभेला आयोजकांच्या अपेक्षेपेक्षा फारच थोडे लोक जमले. नागरिकांनी वर्गणी काढून स्वतःचे दवाखाने उघडले. ब्रिटनहून काही डॉक्टर मदतीला आले. लॉर्ड टेलर या ब्रिटिश डॉक्टराच्या मध्यस्थीने २३ जुलैला समझोता झाला. डॉक्टरांना त्यांच्या पद्धतीने व्यवसाय करण्याची मोकळीक मिळाली, आणि सर्वांसाठी असलेला विमाही टिकला.

दुसऱ्या बाजूला आणखी एक कॅथॉलिक उभा होता, तो म्हणजे सस्कॅटूनचे न्यायमूर्ती एमेट हॉल. ते डग्लस यांच्या पक्षाचे नव्हते. हुजूर पक्षाचे पंतप्रधान डीफेनबेकर यांचे ते मित्र आणि त्यांनीच १९६१ साली नेमलेल्या आरोग्यसेवा आयोगाचे अध्यक्ष. १९६४ साली हॉल यांनी शिफारस केली की, सस्कॅचेवानमध्ये जे झाले ते साऱ्या देशात व्हावे. त्याच वर्षी लॉइड यांचा पक्ष प्रांतात पराभूत झाला. पण नव्या सरकारलाही योजना मोडण्याचे धाडस झाले नाही. १९६६ साली केंद्रीय कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत व प्रदेश त्याखाली आले. एकाच धर्मश्रद्धेचे, एकाच प्रांतात राहणारे दोन प्रामाणिक पुरुष, फादर मरी आणि न्यायमूर्ती हॉल, एकाच प्रश्नावर परस्परविरुद्ध उभे राहिले. राजकारणात कॅथॉलिकाचे मत अमुकच असले पाहिजे असे जे कोणी मानतात, त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

राष्ट्रीय नेते म्हणून डग्लस यांना सत्ता कधीच मिळाली नाही. त्यांच्या पक्षाला २२ हून अधिक जागा त्यांच्या कारकिर्दीत मिळाल्या नाहीत. १९७० साली क्विबेकमधील अपहरणांनंतर सरकारने नागरी स्वातंत्र्ये स्थगित केली, तेव्हा लोकमत उलट असतानाही त्यांनी विरोध केला. १९७१ साली नेतेपद आणि १९७९ साली संसद सोडून २४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांनी ओटावा येथे देह ठेवला. २००४ साली तेथील दूरचित्रवाणीने घेतलेल्या जनमतचाचणीत त्यांना सर्वश्रेष्ठ कॅनेडियन म्हणून निवडण्यात आले. देशाची सत्ता ज्याला मिळाली नाही, त्याचे प्रांतात केलेले काम देशाने स्वीकारले.

त्या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. शस्त्रक्रियेसाठी तेथे महिनोन्‌महिने थांबावे लागते अशा तक्रारी आहेत. दातांचे उपचार आणि घरी घ्यावयाची औषधे मूळ योजनेबाहेरच राहिली होती. तरीही, उपचारांचे बिल भरण्यासाठी घरदार गहाण टाकण्याची वेळ एका पिढीने आपल्या मुलांवरून टाळली, हे थोडे नव्हे.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आम्ही दरवर्षी श्रद्धावंतांना समजावून सांगतो. जखमी वाटसरूजवळ थांबणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि ते कोणत्याही कायद्याने संपणार नाही. डॉ. स्मिथ थांबले म्हणून टॉमीचा पाय वाचला. परंतु त्या मुलाने मोठेपणी अशी खटपट केली की, पुढच्या मुलाला कोणी थांबण्याची वाट पाहावी लागू नये. आम्ही पहिले कर्तव्य शिकविले, दुसरे फारसे शिकविले नाही, अशी कबुली आम्हांला द्यावीशी वाटते.

आमच्या कार्यालयातील चिठ्ठ्या अजून चालूच आहेत. त्या बंद करता येतील असे दिवस आलेले नाहीत. पण हल्ली चिठ्ठी देण्यापूर्वी आम्ही समोरच्या माणसाला बसवून घेतो. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवल्या पाहिजेत, हा नियम त्याला समजावून सांगतो. पुष्कळांना तो ठाऊकच नसतो. गेल्या पावसाळ्यात एका विधवा बाईंनी ते ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे फादर, हे मागायला मी हात जोडायचे नाहीत?” नाहीत, असे आम्ही त्यांना सांगितले. उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठी आमच्या युवकसंघातील एक मुलगा त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत गेला.